आमची वाटचाल : बदकाशी बोलणारी बाई

रवी वर्म्याच्या हंस-दमयंतीचा ओलिओग्राफ (तैलचित्राची जुनी, छापील रंगीत प्रत) इंग्लंडातल्या एखाद्या गावच्या ऑनलाइन लिलावात निघतो, तेव्हा त्याखाली हंसही लिहिलेला नसतो आणि दमयंतीही. 'बदकाशी बोलणारी बाई, चौकट फुटकी, काचेला तडा' असलं काहीतरी असतं, आणि लॉट, म्हणजे लिलावाची ती वस्तू, आरशांच्या विभागात टाकलेला असतो. आमचा जुन्या छापील चित्रांचा धंदा या बाईवर उभा राहिला. सरस्वती आम्हाला 'सतारवाली' म्हणून मिळाली, लक्ष्मी 'कमळावरची चार हातांची'. रवी वर्म्याचं स्पेलिंग तर लोक मनाला येईल तसं करतात. हे सगळे चुकीचे शब्द मी हिशेबाच्या एका लांबट वहीत उतरवून ठेवत असे. जेवणं आटोपली, ओटा पुसला, की वही उघडायची आणि एकेक शब्द लिलावांत शोधून बघायचा. चुकीच्या नावाखालचं चित्र दुसऱ्या कुणाला सापडत नसे.

मी मूळची प्रोसेस स्टुडिओतली. ऑफसेट छपाईसाठी कलर सेपरेशन, म्हणजे चित्रातले रंग वेगवेगळ्या फिल्मवर सुटे करायचं काम करायचे. फिल्मवरचे ठिपके तपासण्यात तरुणपण गेलं. संगणक आले, स्टुडिओ बंद पडला, डोळा मात्र तयार झालेला होता. माझं दहापटीचं भिंग त्या काळातलंच आहे, आजही तेच वापरते. खरा ओलिओग्राफ दगडावरून छापलेला असतो, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. भिंगाखाली त्याचे ठिपके लहानमोठे, वाकडेतिकडे दिसतात, कारण ते माणसाने हाताने टाकलेले असतात. ऑफसेटच्या नकलेत ठिपके शिस्तीत, छोटी छोटी फुलं करून बसतात. कॅनव्हाससारख्या उठावावर जाऊ नका, तो नकलेलाही देता येतो.

मग बघायची चित्राखालची छापखान्याच्या नाव-पत्त्याची ओळ. रवी वर्मा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, पुढे श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. खालच्या ओळीतल्या पत्त्यावरून चित्राचा काळ साधारण बांधता येतो. पण चौकटवाल्यांनी चित्र बसवताना नेमकी तीच पट्टी कापलेली असते! ती शाबूत असली की किंमत वेगळी. चित्र कधीही कापून बसवू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको, आणि न्हाणीघराच्या भिंतीवर देव टांगू नका. ओलीने वॉर्निश काचेला चिकटतं आणि मग लोक काच ओढतात.

काच सोडवावी ती आमच्या चाचांनी. भवानी पेठेतलं त्यांचं चौकटीचं दुकान म्हणजे जेमतेम एक माणूस आणि एक करवत मावेल एवढी जागा. सुरुवातीला माझ्याकडे पैसे नसायचे, तेव्हा चित्र विकलं गेल्यावर ते मजुरी घ्यायचे. कागदावर भागीदारी कधी झाली नाही, पण भागीदार म्हणायचं तर तेच. "ताई, जल्दी मत करो," एवढं एकच वाक्य त्यांच्याकडून मी शिकले. अजून अंगी बाणायचं आहे.

बरी वर्षं आली नि गेली, त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

पार्सलं बांधायला एक मुलगा ठेवला होता. हुशार, नम्र, काकू काकू करत मागे असायचा. वही टेबलावरच पडलेली असे. घरात कुणी वही कुलपात ठेवतं का? त्याने पानापानाचे फोटो काढले आणि दिवाळीनंतर यायचा बंद झाला. पुढच्या लिलावांत आमच्या प्रत्येक लॉटवर कुणीतरी चढायला लागलं. बदकवाली बाई, जी कुणाच्या खिजगणतीत नव्हती, तिच्यावर शेवटच्या मिनिटाला बोल्यांवर बोल्या. हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, लिलावघराचं कमिशन, त्यावर कुरिअर, त्यावर कस्टम ड्यूटी. हा सगळा आकडा बोलीच्या आधी कागदावर मांडायचा आणि त्यापलीकडे जायचं नाही, हा माझा नियम. मी नियम पाळला आणि हात रिकामे राहिले.

ते मी सोसलं असतं. पण तो आमच्याच गिऱ्हाइकांना फोन करून सांगू लागला की काकूंचा माल नकली आहे, चहाच्या पाण्यात बुडवलेली ऑफसेट आहे. चहात कोण बुडवत होतं ते बाजाराला ठाऊक होतं, बोललं कुणीच नाही. चित्रं परत यायला लागली. मी एका शब्दाने वाद न घालता पैसे परत केले, त्यापायी बांगड्या मोडल्या. चाचांची मजुरीही थकली.

त्यातच कोल्हापूरचे डॉक्टरसाहेब भेटायला आले. आमची सर्वांत जास्त चित्रं त्यांच्या दिवाणखान्यात आहेत. त्यांनाही फोन गेला होता. मी म्हटलं, मी भिंग घेऊन येते, चौकटी उघडू, तुमच्या मित्रांसमोर बघू. ते म्हणाले, "कशाला? तुम्ही सांगितलंत ना, मग झालं." आणि पुढच्या खरेदीचा चेक टेबलावर ठेवला. लोकांना हा प्रसंग हृद्य वाटतो. मला तेव्हा राग आला होता. मला विश्वास नको होता, तपासणी हवी होती! चौकटी उघडल्या असत्या तर चार माणसांनी ठिपके डोळ्यांनी पाहिले असते. त्यांनी शेवटपर्यंत उघडू दिल्या नाहीत. चेक मात्र वटवला.

त्या पैशातून रवी वर्म्याच्या वाटेला न जाता कापडाची लेबलं घेतली. मँचेस्टरच्या गिरण्या हिंदुस्थानात पाठवायच्या ठाणांवर देवादिकांची रंगीत लेबलं डकवत. तिकडे ती 'किरकोळ कागद' म्हणून खोक्याने विकली जातात आणि त्या खोक्यावर त्या मुलाची नजर नव्हती. जोडीला चित्रशाळेची चित्रं. 1878 साली चिपळूणकरांनी पुण्यात काढलेला छापखाना, पुढे वासुकाका जोशांनी चालवलेला. पण पुणेकरच त्याची चित्रं रद्दीत घालतात. घरात असतील तर आधी कुणाला तरी दाखवा.

शंभर वर्षांवरच्या मालाचा धंदा करायचा तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे परवाना लागतो, तो आमच्याकडे आहे. असा माल देशाबाहेर पाठवता येत नाही. आम्ही आणतो, पाठवत नाही. काहींना हा फरक कळत नाही, किंवा कळून घ्यायचा नसतो.

तो मुलगा आता प्रदर्शनांत जाणकार म्हणून बोलतो. मागे एकदा ओलिओग्राफ कसा ओळखावा यावर बोलला. ठिपक्यांबद्दल बरोबर सांगितलं, अगदी माझ्याच शब्दांत. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा मी हात वर केला आणि विचारलं की हे तुम्ही कुठे शिकलात. माइक माझ्यापर्यंत आला नव्हता म्हणे.

सध्या चित्रशाळेचं एक रामपंचायतन आलं आहे, खालची ओळ शाबूत, सीतेच्या पदराशी थोडी कसर लागलेली. काच अजून चाचांकडे आहे. बघायचं असेल तर आधी फोन करून या. किंमत फोनवर सांगत नाही.