काचेवरची अंडी आणि एक अर्धं वाक्य

फोन आला तेव्हा माझा उजवा हात कोपरापर्यंत माहीमच्या एका दातांच्या दवाखान्यातल्या माशांच्या टाकीत होता. टाक्या साफ करायच्या आमच्या धंद्यात फोन असाच येतो. मोबाइल खांद्यात दाबून बोलायचं आणि डाव्या अंगठ्यानं फोटो उघडायचा. फोटो लालबागचा होता, चाळीतल्या एका दोन फुटी टाकीचा. काचेवर फ्लॅशचा पांढरा गोळा आणि त्याच्या कडेला साबुदाण्याच्या कणीएवढे पंधरावीस ठिपके.

"काका, हे काय आहे?" टाकी सातवीतल्या मुलीची. अख्ख्या घरात माशांची नावं तिलाच माहीत.

"स्नेलची, म्हणजे गोगलगायीची अंडी. खरवडून टाक."

मग तिच्या बाबांनी फोन घेतला. स्नेल फारच झालेत, त्यावर काही औषध असतं का? "मिळतं की," मी म्हणालो. आणि पुढे "पण टाकीत मासे असताना घालू नका" असंही म्हणालो, असं मला आठवतं. त्यांना तसं काही आठवत नाही.

हे रविवारी झालं. मंगळवारी सकाळी पुन्हा फोन. सगळे मासे वर आलेत.

खोलीत शिरल्याशिरल्या वासानंच अर्धं कळलं. टाकीतलं पाणी फिकट निळं. मॉली, टेट्रा, सगळे पृष्ठभागाला तोंड लावून उघडमिट करत होते, कल्ले लालबुंद. आजींना वाटलं भूक लागली म्हणून वर आलेत, त्यांनी सकाळपासून दोनदा खाणं घातलं होतं. ही समजूत मुंबईत घरोघरी आहे. मासा हवेसाठी वर येतो, माणसाला तो जेवायला आलेला दिसतो. न खाल्लेले दाणे तळाशी जाऊन कुजतात आणि पाणी आणखी बिघडतं.

टीव्हीशेजारी दोन बाटल्या. एक स्नेल मारायचं औषध, तांब्याचं. दुसरी निळी, मासे धापा टाकायला लागल्यावर सोमवारी आणलेली. दुकानदारानं विचारलं काहीच नाही, बाटली काढून दिली. आमच्याकडे बहुतेक दुकानांत निळं औषध म्हणजे मारुतीचा अंगारा, कशालाही चालतं. टाकीत घाणीतून तयार होणारा विषारी अमोनिया खाऊन टाकणारे जे जिवाणू असतात त्यांना ते जड जातं, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. वर बाबांनी फिल्टरचा स्पंज नळाखाली भांडी घासल्यासारखा घासून काढला होता. म्हणजे उरलेसुरले जिवाणू क्लोरीनच्या पाण्यात गेले. माणूस वाईट नाही. उलट एवढी काळजी घेणारं गिऱ्हाईक विरळा. पण काळजीतून टाकीत जेवढे मासे मरतात तेवढे हेळसांडीनं मरत नाहीत.

पाणी तपासायच्या किटच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं, गडद हिरवं झालं. अमोनिया. आला कुठून, ते खडीत सायफन, म्हणजे घाण ओढायची नळी घातल्यावर दिसलं. खडीच्या पोटात लांबट, मिरचीच्या टोकासारख्या शंखांचे स्नेल, शेकड्यानं, सगळे मेलेले. ही जात दिवसा खडीत गाडून घेते आणि रात्री वर येते. त्यामुळे काचेवर पाच दिसले तर खाली शंभर धरायचे. ते एकदम मेले आणि आतल्या आत सडले. चहाची पूर्ण वाटी भरली शंखांनी.

आणि ती वाटी हातात धरून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे स्नेल अंडी घालतच नाहीत! थेट पिल्लं टाकतात. गोल चकतीसारख्या शंखाचे स्नेल अंडी घालतात, पण ती जेलीच्या पारदर्शक ढेकळात असतात, सुटी नव्हे. रविवारी मी एकच प्रश्न विचारायला हवा होता. तुमचे स्नेल गोल की लांबट? वीस वर्षं हेच काम करतोय.

पण आधी पाणी. दुपारचे बारा, आणि चाळीत पाणी येतं पहाटे. शेजारच्या तीन खोल्यांतल्या बायकांनी पिंपं उघडून दिली. "माशांसाठी? घ्या की," एवढंच. साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन बरंचसं उडून गेलेलं असतं, तरी मी अँटीक्लोरीनचे थेंब टाकले. निम्मं पाणी काढलं, हळूहळू भरलं, एअर पंप पूर्ण सोडला, औषध शोषून घ्यायला फिल्टरमध्ये कार्बनची पिशवी टाकली. मुंबईचं पाणी मऊ, क्षार फार कमी. अमोनियाच्या बाबतीत ते पथ्यावर पडतं, कारण अशा पाण्याचा पीएच, म्हणजे अल्कपणा, फारसा चढत नाही आणि अमोनियाचा दाह कमी राहतो. तांब्याच्या बाबतीत उलटं. मऊ पाण्यात तेवढंच तांबं माशांना कितीतरी जास्त बाधतं. तांबं मोजायचं किट माझ्याकडे नव्हतं. बाटलीवरचा डोस पाहून अंदाज बांधला आणि संध्याकाळी आणखी तिसरा हिस्सा पाणी बदलायला सांगितलं.

मग फिल्टरच्या मागची काच पाहिली. तिथे मुलीचा हात पोचला नव्हता. अकरा अंडी. एकेक सुटी, गोल, काचेला घट्ट चिकटलेली. कोरीची. तळाशी मिशा फिरवत हिंडणाऱ्या त्या तीन गुबगुबीत माशांना घरात सगळे 'सफाईवाले' म्हणत. शुक्रवारी पहिला मोठा पाऊस झाला, शनिवारी बाबांनी थंडगार पाणी बदललं. कोरीला एवढंच लागतं, पावसाळा आला असं वाटतं त्यांना. मादी पोटाखालच्या परांच्या ओंजळीत अंडी धरते आणि काचेला नेऊन चिकटवते. शनिवारी रात्री या घरात ते चाललं होतं आणि सगळे झोपले होते.

अकरापैकी सात अंडी गडद निळी झालेली. मेलेलं अंडं रंग पिऊन टाकतं. चार मात्र अजून चहाच्या रंगाची, आणि आत काळा ठिपका. निळ्या औषधाला मी एवढ्या शिव्या घालतो, पण अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून वेगळ्या भांड्यात मीही तेच वापरतो, थेंबभर. कोरीचं अंडं टणक असतं, बोटानं लोळवत काढता येतं. चारही श्रीखंडाच्या डब्यात घेतली, एअरस्टोन, म्हणजे बुडबुडे सोडणारा दगड सोडला, डबा टाकीतच तरंगत ठेवला म्हणजे पाण्याची ऊब सारखी राहील.

त्या दिवशी दोन टेट्रा आणि एक कोरी गेली. बाकीचे संध्याकाळी खाली उतरले. गुरुवारी डब्यात दोन बारीक केस हलताना दिसले, पोटाला पिवळा बिंदू लावून. तो बिंदू म्हणजे त्यांची शिदोरी, ती संपेपर्यंत त्यांना काही भरवायचं नसतं, हे आजींना मी दोनदा सांगितलं.

मुलगी डब्यावर वाकून होती. म्हणाली, "काका, मी ब्लेडनं काढली ती पण अशीच होती का?"

मी म्हणालो, त्यातली बरीचशी रिकामीच असतात.

हे खरंच आहे, बरीच रिकामी असतात. तिनं मान हलवली आणि पुन्हा डब्यात बघायला लागली. तिच्या बाबांनी दाराशी पैसे काढले. मी नको म्हणालो, तर त्यांनी ते खिशात कोंबले आणि म्हणाले, "चूक आमचीच झाली, तुम्हाला न विचारता औषध घातलं."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. जिना उतरलो. वडाळ्याला एका ऑफिसची सहा फुटी टाकी राहिली होती.