झुडपामागची खुर्ची

आमच्या मंडळाच्या एवढ्या प्रयोगांत मी एकही नाटक समोरून पाहिलेलं नाही. माझी जागा ठरलेली होती. बागेतल्या हिरवळीच्या डाव्या अंगाला एक दाट झुडूप होतं, त्याच्यामागे घडीची खुर्ची, मांडीवर संहिता आणि हातात पेन्सिल. मी प्रॉम्प्टर, म्हणजे नट वाक्य विसरला की ते आडून सांगणारी. नटांच्या पाठी आणि प्रेक्षकांचे चेहरे, एवढंच मला दिसायचं. 'हॅम्लेट'मधल्या ओफेलियाला वेड लागलेलं मी पाहिलं ते तिसऱ्या ओळीत बसलेल्या एका आजोबांच्या तोंडावर. त्यांचा चष्मा हळूहळू खाली आला आणि तो वर करायचंही त्यांना सुचेना, तेव्हा कळलं की आज ओफेलिया जमलीये.

वर्षातून एकदा, शेक्सपिअरचं एक नाटक, लागून दोन संध्याकाळी. तिकीट नाही, पडदा नाही, खुर्च्या नाहीत. सुरुवात झाली ती सभागृह मिळालं नाही म्हणून. बागेचं नाव निघालं तेव्हा बैठकीत सगळ्यांनी नाकं मुरडली. आमच्या दिग्दर्शक सरांनी वाद घातला नाही, 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'चा तिसरा अंक उघडला आणि वाचायला लागले. सुतार, विणकर, शिंपी, कल्हईवाला असे सहा कारागीर जंगलात तालमीला जमतात. त्यांचा म्होरक्या म्हणतो, वा, काय झकास जागा आहे! ही हिरवळ आपला रंगमंच, ते काटेरी झुडूप आपला रंगपट. सरांनी पुस्तक मिटलं. पहिलं नाटक हेच करायचं, हे वेगळं ठरवावंही लागलं नाही.

त्याच प्रवेशात ते कारागीर पंचांग मागवतात, प्रयोगाच्या रात्री चंद्र असेल का ते बघायला. आम्हीही कॅलेंडर बघून पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार धरला होता. आभाळ इतकं भरून आलं की चंद्र सोडाच, समोरच्या झाडाचा शेंडा दिसेना. मग नाटकातल्यासारखाच एक जण कंदील घेऊन 'मी चंद्र' म्हणून उभा राहिला आणि त्या दिवशीची सगळ्यात मोठी टाळी त्यानं घेतली.

फुकट नाटकाचा प्रेक्षक हा फार कठोर प्राणी असतो. फुकट आहे म्हणून तो चालवून घेईल, असं आम्हाला आधी वाटायचं. झालं उलटंच. नाट्यगृहात पैसे मोजलेला माणूस कंटाळला तरी मध्यंतरापर्यंत बसतो. बागेत तो उठतो, मागचं गवत झटकतो आणि चालू लागतो. त्याला ना दार उघडायचं असतं, ना कुणाच्या गुडघ्यांवरून जायचं असतं. दुसऱ्या वर्षापासून मी एक उद्योग सुरू केला. कुणी उठून गेलं की संहितेच्या समासात त्या ओळीपाशी एक बारीक रेघ मारायची. प्रयोगानंतर सर ती संहिता मागून घ्यायचे आणि नटांना दाखवायचे नाहीत, हे बरं करायचे.

त्या रेघांनी आमचे बरेच समज मोडले. अवघड जागी लोक उठतील असं वाटायचं, पण हॅम्लेटच्या स्वगतांना एखाददुसरीच रेघ पडायची. गर्दी व्हायची ती दोन ठिकाणी. एक, राजे मंडळी कोणत्या देशाशी काय तह झाला ते सांगतात तिथे. आणि दुसरं, नट स्वतःच्या आवाजाच्या प्रेमात पडून वाक्यं आळवायला लागतो तिथे. पहिल्यावर उपाय होता. पूर्ण 'हॅम्लेट' करायचं तर चार तासांच्या आसपास जातात, आमच्या हातात उजेडाचे नि अंधाराचे मिळून दीड तास. सरांची लाल पेन्सिल चालायची आणि मग तालमीत रुसवेफुगवे. 'माझी चार वाक्यं कापलीत, तिची एकही नाही' ही तक्रार मी दरवर्षी, दर वेळी वेगळ्या तोंडून ऐकली आहे. दुसऱ्या आजारावर उपाय सापडला नाही.

आवाजाचं तर वेगळंच शास्त्र होतं. बंद सभागृहात भिंती आवाज परत देतात, नटाला स्वतःचं बोलणं भरदार ऐकू येतं. उघड्यावर गेलेला आवाज जातो तो जातोच. मग नटाला वाटतं आपण पोचत नाही, तो ओरडतो आणि दुसऱ्या दिवशी घसा बसवून येतो. त्यातून मराठीत क्रियापद शेवटी. श्वास संपत आला की शेवटचा शब्द गिळला जातो आणि नेमका अर्थ तिथेच असतो. 'मी तुझा जीव...' एवढंच चौथ्या ओळीपर्यंत जायचं. घेईन की वाचवीन, ते झाडांना विचारा. सर हातात काठी घेऊन हिरवळीच्या पार टोकाला उभे राहायचे आणि क्रियापद ऐकू आलं नाही की काठी जमिनीवर आपटायचे. एका वर्षी आम्ही हट्टानं कॉलरला लावायचे माईक आणले. वाऱ्याची फरफर आणि शालीची खसखस एवढंच त्या स्पीकरमधून स्पष्ट ऐकू आलं. पुन्हा काठी आली.

संहितेच्या भाषेवरूनही घोळ व्हायचा. आमच्यातल्या एका काकांना जुन्या मराठी शेक्सपिअरचा भारी षौक. आगरकरांनी 'हॅम्लेट'चं केलेलं 'विकारविलसित' १८८३ चं, देवलांनी 'ऑथेल्लो'वरून केलेला 'झुंझारराव' १८९० चा; काका त्यांतली पानंच्या पानं वाचून दाखवायचे. खोलीत बसून ऐकताना जिभेवर साखर ठेवल्यासारखं वाटायचं. बागेत मात्र लांबलचक सामासिक शब्द अर्ध्या वाटेत विरून जायचे आणि 'ऊठ', 'थांब', 'कोण रे तो' असे शब्द दगडासारखे जाऊन पडायचे. शेवटी आम्ही आमचीच रोजच्या बोलण्यातली संहिता बांधायला लागलो. काकांनी ते मनापासून कधी मान्य केलं नाही, पण प्रत्येक तालमीला यायचे.

सगळ्यात नाराज होता आमचा प्रकाशयोजनाकार दादा. भर उजेडात नाटक सुरू करायचं म्हणजे त्याला कामच नाही. सर त्याला म्हणायचे, अरे, ज्याच्यासाठी हे लिहिलं त्या ग्लोब थिएटरला तरी कुठे दिवे होते? १५९९ साली उभं राहिलेलं ते नाट्यगृह, मधोमध आभाळाला उघडं. खेळ दुपारचे. त्या उन्हात उभा राहून 'हॅम्लेट'मधला पहारेकरी विचारतो, कोण आहे? मग बाराचे ठोके पडल्याचं कुणी सांगतं, थंडी मरणाची आहे असं दुसरा म्हणतो. झाली मध्यरात्र. सर म्हणायचे, रात्र शब्दांत लिहून ठेवलीये, तू फक्त मध्ये येऊ नकोस. दादाचं समाधान काही व्हायचं नाही. बिचाऱ्यानं निदान 'मॅकबेथ'मधल्या बँकोच्या मुलाच्या हातात खरी मशाल द्या म्हणून गळ घातली. बागेत जाळ करायला बंदी, शिवाय १६१३ साली 'हेन्री द एट्थ'च्या प्रयोगात उडवलेल्या तोफेनं गवती छप्पर पेटून अख्खं ग्लोब जळालं, ही गोष्ट काकांनी तत्परतेनं सांगितली. मशालीत बॅटरी बसली.

'मॅकबेथ'च्या वर्षीचाच माझा सगळ्यात मोठा फजितवाडा. तिसऱ्या अंकात मॅकबेथ म्हणतो, उजेड दाटत चाललाय, कावळा रानाकडे निघालाय. मित्राला, बँकोला, मारायला माणसं पाठवून झालीत आणि हा बायकोशी असं आडून बोलतोय. हे वाक्य आणि खरी तिन्हीसांज एकाच वेळी याव्यात, असा सरांचा ध्यास. आठवडाभर घड्याळ लावून तालमी झाल्या. सूर्यास्तापासून मागे मोजत सुरुवातीची वेळ ठरवली. पक्ष्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. ते थोडे आधीच आले आणि थेट मॅकबेथच्या डोक्यावरच्या झाडात उतरले. एवढा कलकलाट की लेडी मॅकबेथचं वाक्य मला तीन हातांवरून ऐकू येईना. मॅकबेथ थांबला. वर बघितलं. थांबलाच. मी बघतेय, एक, दोन, तीन... पाठमोरा माणूस, खांदे स्तब्ध. मला वाटलं, गेलं. विसरला. मी सगळा जीव एकवटून झुडपातून ओरडले, "उजेड दाटत चाललाय!"

नेमका त्याच क्षणी कलकलाट थांबला होता.

पहिल्या दोन रांगा माझ्या झुडपाकडे वळून बघत होत्या. तो विसरला नव्हता, ती जागा जगत होता. पक्षी त्याला हवे होते तेवढे त्यानं घेतले होते. त्यानं झुडपाकडे एक नजर टाकली, खुनी माणसाची, आणि माझंच वाक्य अगदी खालच्या आवाजात पुन्हा म्हटलं. लोकांना वाटलं, नाटकातल्या चेटकिणींपैकीच कुणीतरी बोललं. प्रयोगानंतर एका बाईंनी सरांना ती 'कल्पना' आवडल्याचं आवर्जून सांगितलं. सर हो म्हणाले. मला काही बोलले नाहीत, पण पुढच्या दिवशी माझ्या संहितेत त्या ओळीपाशी लाल अक्षरात 'गप्प' लिहिलेलं होतं.

पैशांचा विषय दर वार्षिक सभेत निघायचा. खजिनदार ताई हिशेब वाचायच्या, मग हळूच म्हणायच्या, निदान नाममात्र काहीतरी ठेवू. त्यावर काकांची ठरलेली गोष्ट सुरू व्हायची. न्यूयॉर्कमध्ये जोसेफ पॅप नावाचा माणूस बागांमधून फुकट शेक्सपिअर करायचा. १९५९ साली तिथले उद्यानांचे सर्वेसर्वा रॉबर्ट मोझेस अडून बसले, तिकीट लावा, तुमच्या प्रेक्षकांमुळे गवत झिजतं त्याचा खर्च कोण देणार? पॅप कोर्टात गेला, वरच्या कोर्टात जिंकला आणि १९६२ मध्ये तिथल्या सेंट्रल पार्कात डेलाकोर्ट हे उघडं नाट्यगृहच उभं राहिलं. काका हे सांगताना मोझेसचं गवताचं वाक्य इतकं रंगवून म्हणायचे की ताईही हसायच्या आणि विषय पुढच्या वर्षावर जायचा. आमच्याकडेही गवताची काळजी करणारे माळीदादा होतेच. फक्त त्यांनी पैसे नाही मागितले. लढाईच्या प्रवेशात सैनिक किती, एवढं विचारायचे. आठ म्हटलं तर म्हणायचे, सहात भागवा. आणि सहात भागायचं.

प्रयोग संपला की एक कापडी पिशवी फिरायची. देणाऱ्यानं द्यावं. त्यात नाणी, नोटा, एकदा शर्टाचं बटण आणि एकदा घडी केलेल्या कागदावर 'राजा फार लवकर मेला' असा शेरा.

'ट्वेल्थ नाइट' आम्ही दोनदा केलं. लंडनच्या रीजंट्स पार्कमधलं खुलं नाट्यगृह १९३२ साली सुरू झालं तेही याच नाटकानं, आणि का ते बागेत केल्याशिवाय समजत नाही. मॅल्व्होलिओ या कारभाऱ्याला वाटेत खोटं प्रेमपत्र सापडतं आणि ते वाचून तो चढत जातो, तो प्रवेश. त्याची चेष्टा करणारे तिघं झुडपात लपतात, म्हणजे आमच्याकडे माझ्या झुडपात. तीन धिप्पाड पुरुष, मी आणि खुर्ची. एकाच्या कोपरानं माझी पेन्सिल मोडली. तेवढ्यात वाऱ्यानं पत्र उडालं आणि भिरभिरत थेट प्रेक्षकांत. पुढच्या ओळीतल्या एका पाच-सहा वर्षांच्या मुलीनं उठून त्यावर पाय ठेवला, चेंडू अडवावा तसा. मॅल्व्होलिओ तुरुतुरु तिच्यासमोर गेला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "बाईसाहेब, पाय." तिनं मान हलवली. नाही. पत्र कुणाचं आहे ते आधी सांग, म्हणाली. आता नाटक चालू राहायचं तर तो म्हणणार काय? "माझंच असावं, अशी फार इच्छा आहे," तो म्हणाला. तिनं पाय काढला. पुढच्या वेळी पत्राला खाली दगड लावला होता, आणि ते हसू काही परत आलं नाही.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा पाऊस आला. चौथ्या अंकात थेंब, पाचव्यात सरी. सरांनी मला खूण केली, थांबवायचं का? मी समोर बघितलं. माणसं उठत होती, पण जात नव्हती. सतरंज्या डोक्यावर घेऊन मोठ्या झाडाखाली दाटीवाटीनं उभी राहत होती. मी समासात रेघ मारायला पेन्सिल टेकवली आणि कळेना की याला काय खूण करायची. जुळी भावंडं एकमेकांना सापडली, लग्नं ठरली, सगळे आत गेले. शेवटी विदूषक एकटाच उरतो आणि गाणं म्हणतो, त्याचं पालुपदच मुळी असं की पाऊस काय, रोजच पडतो. तो पोरगा भिजून निथळत होता. पहिल्या कडव्याला लोक हसले. दुसऱ्यापासून झाडाखालून पालुपद म्हणायला लागले. दादानं छत्री धरून आपला एकुलता एक दिवा त्याच्यावर सोडला होता, आणि त्या झोतात फक्त पावसाच्या रेघा दिसत होत्या.

ती संहिता अजून मंडळाच्या कपाटात आहे. फुगलेली, शेवटची पानं एकमेकांना चिकटलेली. आता माझ्या खुर्चीवर एक कॉलेजातला मुलगा बसतो. मागच्या महिन्यात 'ट्वेल्थ नाइट' पुन्हा काढायचं ठरलं, तेव्हा तो पानं जपून सोडवत माझ्याकडे आला.

"मावशी, शेवटी सगळी शाई पसरलीये. इथं काय होतं?"

मी त्याला गाणं म्हणून दाखवलं. पहिली तीन कडवी आठवली, चौथं अडलं. तो बॉलपेन उचलून माझ्या तोंडाकडे बघत थांबला. काही बोलला नाही.