घरच्या संगणकातून स्पायवेअर काढताना: माझा अनुभव

घरच्या विंडोज 11 संगणकावर स्पायवेअरची, म्हणजे गुपचूप नजर ठेवून माहिती चोरणाऱ्या प्रोग्रामची, लक्षणं स्पष्ट होती. गूगलवर काही शोधलं की निकाल भलत्याच साइटवरून फिरून येत, उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ अशा पट्ट्या उगवत, आणि काहीही उघडं नसताना पंखा जोरात फिरे. अशा वेळी बहुतेक जण घाईने पासवर्ड बदलायला बसतात. मी ते शेवटी ठेवलं, कारण टाइप केलेलं प्रत्येक अक्षर टिपणारा प्रोग्राम आत असेल तर नवा पासवर्डही त्याच्याच हाती जातो.

आधी वायफाय बंद केलं आणि केबल काढली. पट्ट्यांचं काम लगेच उरकलं. त्या बहुतेकदा व्हायरस नसतातच. कुठल्या तरी साइटवर ‘अलाऊ’ दाबलं गेलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सच्या यादीतून अनोळखी साइट काढल्या की त्या थांबतात.

आता स्कॅन. पण त्याआधी एक जागा बघायचीच, आणि नेमकी हीच राहून जाते. विंडोज सिक्युरिटीत ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, त्यात ‘मॅनेज सेटिंग्ज’ आणि अगदी तळाशी ‘एक्सक्लूजन्स’, म्हणजे स्कॅनमधून वगळलेल्या जागांची यादी. तिथे अख्खा सी ड्राइव्ह नोंदवलेला होता. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर किंवा फुकटचा अ‍ॅक्टिव्हेटर बसवताना ‘अँटीव्हायरस थोडा वेळ बंद करा’ असं सांगतात, त्या वेळात अशी नोंद घालून ठेवता येते. मग डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, पुन्हा सुरू होतो, हिरवी खूण दिसते, स्कॅन ‘काही सापडलं नाही’ म्हणतो, आणि ते खरंही असतं. कारण त्या ड्राइव्हकडे तो बघतच नाही. नोंद काढली, डिफेंडरची सेटिंग्ज दुसऱ्या प्रोग्रामला बदलू न देणारं ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ चालू केलं, डिफेंडर अपडेट करण्यापुरतं नेट जोडलं आणि पुन्हा तोडलं.

त्यानंतर ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ऑफलाइन स्कॅन लावला. संगणक रीस्टार्ट होतो आणि विंडोज चालू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे विंडोज चालू असताना लपून बसणारा प्रोग्राम तेव्हा चालूच नसतो. साधारण 15 मिनिटं लागतात. निकाल ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त दिसतो.

स्कॅननंतरही पंखा फिरत होता. इथे मायक्रोसॉफ्टचाच ऑटोरन्स हा मोफत प्रोग्राम कामी येतो; आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी तो दाखवतो. तो दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने आणावा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्या की यादी आटोपशीर होते. ‘शेड्यूल्ड टास्क्स’मध्ये अपडेटसारखं नाव असलेली एक नोंद होती, पण ती पॉवरशेल (विंडोजला लेखी हुकूम देण्याचं साधन) चालवत होती आणि पुढे लांबलचक अगम्य अक्षरांची ओळ. अशी नोंद लगेच पुसू नये. फक्त टिक काढावी, रीस्टार्ट करून सगळं नीट चालतंय का पाहावं, मग पुसावी. टिक काढल्यावर पंखा शांत झाला.

ब्राउझरमध्ये एका एक्स्टेन्शनला (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामला) काढण्याचं बटणच नव्हतं, आणि मेनूच्या तळाशी ‘तुमची संस्था हा ब्राउझर सांभाळते’ अशा अर्थाची ओळ होती. घरच्या संगणकाला संस्था कुठून आली? काही अँटीव्हायरसही ही ओळ आणतात, पण इथे रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारातल्या) ‘पॉलिसीज’खाली क्रोमच्या नावाने ते एक्स्टेन्शन सक्तीने बसवलं होतं. रजिस्ट्रीतली ती नोंद आधी एक्स्पोर्ट करून ठेवली, मग पुसली आणि एक्स्टेन्शन काढलं. गूगल खात्याचं सिंक तोवर बंद ठेवा, नाहीतर तेच एक्स्टेन्शन परत उतरू शकतं. नेटवर्क सेटिंग्जमधला प्रॉक्सीही पाहा; त्यातून आपली नेटवरची ये-जा दुसऱ्याच संगणकामार्गे वळवता येते. आपण लावलेला नसेल तर बंद करा.

मग पासवर्ड, आणि तेही फोनवरून. पहिला ईमेलचा, कारण बाकी सगळे त्यावरून रीसेट होतात; मग बँक. पासवर्ड बदलण्याइतकंच ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ महत्त्वाचं. ब्राउझरच्या कुकीज, म्हणजे आपण साइन इन आहोत हे साइटला सांगणाऱ्या छोट्या नोंदी, चोरल्या असतील तर पासवर्ड आणि ओटीपी न विचारता खातं उघडता येतं. जीमेलमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर्सही तपासा. चोर आपल्याला येणारी मेल गुपचूप स्वतःकडे वळवून ठेवू शकतो.

‘प्रोटेक्शन हिस्टरी’त पासवर्ड चोरणारा किंवा दुरून ताबा घेणारा प्रोग्राम दिसला, तर माझ्या मते साफसफाईवर भरवसा ठेवू नये. फोटो आणि कागदपत्रं तेवढी बाहेर काढावीत, एकही इन्स्टॉलर सोबत घेऊ नये, आणि ‘रीसेट धिस पीसी’मधून सगळं पुसून ‘क्लाउड डाउनलोड’ने विंडोज नव्याने बसवावं. त्याला 4 जीबीहून जास्त डेटा लागू शकतो. खात्यातून पैसे गेले असतील तर हे सगळं बाजूला ठेवून आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

रोजच्या वापराला मी मर्यादित अधिकारांचं स्टँडर्ड खातं ठेवलंय, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं वेगळं. मराठी टायपिंगसाठी कुठल्याही साइटवरून काही उतरवायची गरज नाही. विंडोजच्या भाषा सेटिंग्जमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. आणि घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट करून दाखवावी: ‘मी रोबोट नाही’ म्हणत एखादी साइट विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर असं सांगू लागली, तर टॅब तिथेच बंद. साइटने गुपचूप कॉपी करून ठेवलेला हुकूम आपल्याच हाताने चालवला जातो.