दहा हजारांचं अनुदान आणि गळका वर्ग

शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद माझ्याकडे २०२३ च्या जुलैत आलं. लावणीचे दिवस, गावातले निम्मे पुरुष मुंबईत, उरलेले शेतात. पालकसभेला जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, "वहिनी पतपेढीत हिशेब बघतात, त्यांनाच करा." मी नाही म्हणेपर्यंत गुरुजींनी इतिवृत्तात नाव लिहूनसुद्धा टाकलं होतं.

आमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते पाचवी, पट २८. दोन वर्ग, एक पडवी. जांभ्या चिऱ्याच्या भिंती अजून खणखणीत आहेत, पण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात एका वर्गाची कौलं उडाली ती उडालीच. तेव्हा वरवर पत्रे मारले होते. त्यांच्याखालचे वासे वाळवीने पोखरलेले. पाऊस लागला की त्या वर्गातली मुलं पडवीत, आणि वारा फिरला की पडवीतली दुसऱ्या वर्गात. दोन शिक्षकांपैकी एक आंतरजिल्हा बदलीने आपल्या जिल्ह्यात गेले होते. म्हणजे एक गुरुजी, पाच इयत्ता आणि एक कोरडी खोली.

शिक्षण हक्क कायद्याने समितीला बरंच काही दिलंय. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, मुख्याध्यापक सचिव. शाळेचा विकास आराखडा समितीने करायचा, अनुदान कसं खर्च होतं तेही तिनेच पाहायचं. मी कपाटातले जुने आराखडे काढले. वरचं साल बदललेलं, खाली तीच चार वाक्यं: संरक्षक भिंत, संगणक, क्रीडांगण, रंगरंगोटी. छप्पर गळतंय याचा एका शब्दाने उल्लेख नाही. गुरुजींना दोष देत नाही. माहिती भरून भरून त्या माणसाची बोटं झिजली होती.

आता पैशांचं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला दरवर्षी संयुक्त अनुदान मिळतं ते पटावर ठरतं. पट ३० पर्यंत असेल तर १० हजार रुपये, ३१ ते १०० असेल तर २५ हजार. आम्ही २८, म्हणून वर्षाचे १० हजार. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेवर. उरलेल्यात खडू, रजिस्टरं, टाकीचा नळ, किरकोळ दुरुस्ती आणि लाइटबिल. बिल थकलं म्हणून मीटर आधीच कापलेलं होतं. दात्याने दिलेला स्मार्ट टीव्ही भिंतीवर आरशासारखा टांगलेला, पोरं त्यात बघून भांग पाडायची.

गणपतीत मुंबईचं मंडळ, म्हणजे तिकडे राहणारे आमचेच गावकरी, गावात येतं. आमच्याकडे काहीही मागायचं तर हाच मोसम. देवळातल्या बैठकीला मी गळक्या वर्गाचे फोटो आणि सुताराचा अंदाज घेऊन गेले. पहिली सूचना आली पाण्याच्या फिल्टरची, दुसरी मुलांना ट्रॅकसूट देण्याची. देणगी देणाऱ्याला फोटोत दिसेल असं काहीतरी हवं असतं, आणि वासा कौलांखाली गेला की दिसत नाही. शेवटी एक निवृत्त गिरणी कामगार काका चिडून म्हणाले, "पोरां भिजतायत आणि ट्रॅकसूट कसले घालताय?" तेव्हा कुठे लाकडाचे पैसे कबूल झाले. देणगीदारांच्या नावाची फरशी लावायच्या अटीवर. लावली. माझं काही बिघडलं नाही.

त्याच दिवसांत समूह शाळांची बातमी आली. शिक्षण आयुक्तांचं ते पत्र २१ सप्टेंबर २०२३ चं, म्हणजे गावात गौरी आल्या त्या दिवसाचं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून त्यांची समूह शाळा करण्याचे प्रस्ताव १५ ऑक्टोबरपर्यंत मागवले होते, नमुना म्हणून नंदुरबारच्या तोरणमाळचं आणि पुण्याच्या पानशेतचं नाव. आमचा पट २८, म्हणून आम्ही निर्धास्त. पण पऱ्यापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या, वाडीतल्या शाळेचा पट ९. ती बंद झाली तर मुलं येणार आमच्याकडे.

समितीच्या बैठकीत एका सदस्याने बेरीज मांडली, आणि खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात ती आधीच झाली होती. २८ आणि ९, ३७. तिशी ओलांडली की अनुदान २५ हजार. शिवाय त्या शाळेवरच्या बाई आमच्याकडे येतील, रिकामी जागा भरेल. आमची दोन्ही दुखणी एका फटक्यात बरी होत होती. "आपण मागणी करूया, ठराव घ्या," असं तीन-चार जण म्हणाले.

मधल्या पऱ्यावर साकव आहे, फळ्यांचा छोटा पूल. आषाढात पाणी चढलं की त्याच्या फळ्या दिसत नाहीत. डांबरी रस्त्याने यायचं तर सडा, म्हणजे कातळाचं पठार, चढून मोठा वळसा. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. लांब पडली तर प्रवासभत्ता आहे, महिन्याला सहाशे रुपयांच्या आसपास. त्या पैशात पावसात सड्यावरून रोज दोन वेळा येणारा रिक्षावाला मला कुणी दाखवावा. पण आमच्या बैठकीत भत्त्याने काही ठरलं नाही. त्या वाडीचं माहेर असलेली एक सदस्य इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "माजी आय पावसात साकवावरनं माज्याकडं येत नाय. सा वर्षाचां पोर येयल?"

मग ठराव असा लिहिला: पलीकडच्या वाडीतल्या पालकांनी स्वतः मागितलं तर आमची शाळा त्यांना सामावून घेईल, समिती आपल्या बाजूने तशी मागणी करणार नाही. त्या वाडीच्या समितीने विरोधाचा ठराव दिला, त्याला आमच्या ठरावाची प्रत जोडली. पुढे राज्यभर ओरड झाली, आणि आमच्या भागात तरी पुढचा आदेश काही आला नाही. ती शाळा चालू आहे. आमचं अनुदान १० हजारच राहिलं, आणि त्यावरून एक सदस्य वर्षभर माझ्याशी जेमतेम बोलले.

छपराचा मार्ग मात्र मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळाच निघाला. इमारत जिल्हा परिषदेची, त्यामुळे आपण पदरचे पैसे घालून दुरुस्ती करायची म्हटली तरी परवानगी लागते. आधी समितीचा ठराव, मग मुख्याध्यापकांचं पत्र, केंद्रप्रमुखांची शिफारस, गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही, मग बांधकामाचे अभियंता येऊन अंदाजपत्रक करणार. सरकारी निधीतून करायचं तर ते अंदाजपत्रक जिल्ह्याच्या यादीत जातं आणि तिथे थांबतं. पाठपुरावा करायला जिल्हा परिषद सदस्य गाठावा म्हटलं, तर मार्च २०२२ ला मुदत संपल्यापासून सदस्यच नव्हते, प्रशासक होते. ज्याच्या दारात जाऊन बसता येईल असा आपला माणूसच नाही.

म्हणून आम्ही काम फोडलं. लाकूड मुंबईच्या मंडळाकडून, मजुरी गावच्या वर्गणीतून, आणि शौचालय व पाण्याची टाकी ग्रामपंचायतीकडून. ग्रामपंचायतीला तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाचे जे पैसे यायचे त्यातले ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. शाळेचं शौचालय त्यात नीट बसत होतं. पण पुढच्या वर्षाचा आराखडा ठरण्याआधी मागणी ग्रामसभेच्या इतिवृत्तात आली पाहिजे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी आराखड्यातलं पानच वाचून दाखवलं. ग्रामसेवक म्हणाले, "अर्ज द्या, बघू." अर्ज दोन प्रतींत तयार होता, एकीवर पोच घेतली. ही सवय पतपेढीतली. थकीत लाइटबिलही पंचायतीने स्वनिधीतून भरलं, मात्र पुढचं तुमचं तुम्ही बघा असं बजावून.

अनुदानाची मर्यादा दिसली ती फेब्रुवारीच्या शेवटी. दिसली असं म्हणते, कारण पैसे शाळेच्या खात्यात येत नाहीत. वरच्या एका खात्यातून आपल्याला खर्चाची मर्यादा मिळते, पोर्टलवर दुकानदाराची नोंद करायची, अध्यक्ष आणि मुख्याध्यापकांची मान्यता, छापील सूचनेवर दोघांच्या सह्या, ती बँकेत द्यायची, की रक्कम थेट दुकानदाराला. ३१ मार्चपर्यंत नाही केलं तर मर्यादा शून्य. आणि मार्चअखेर तालुक्यातल्या सगळ्या शाळा एकाच वेळी त्या पोर्टलवर. गुरुजी रात्री अकराला उठून लॉगिन करायचे.

यात खरी अडचण सुताराची होती. त्याच्याकडे पक्कं बिल नाही, असणार कुठून? म्हणून अनुदानातून हार्डवेअरच्या दुकानातले रीप, खिळे, कोन्यांची कौलं आणि सिमेंट घेतलं, त्याचं बिल व्यवस्थित. सुताराला रोख वर्गणीतून, त्याची पावती साध्या वहीत, अंगठा-सही घेऊन. काढलेले जुने वासेसुद्धा मोजून, यादी करून ठेवले. सरपण म्हणून न्यायला दोघे आले होते, पण तीही जिल्हा परिषदेची मालमत्ता. ते दोघेही आता माझ्याशी फारसं बोलत नाहीत. मे महिन्यात छप्पर झालं, पावसाच्या तोंडावर.

शिक्षकाचं सांगायचं राहिलं. जुलै २०२३ मध्ये निवृत्त शिक्षकांना महिना २० हजार मानधनावर नेमायचा शासन निर्णय आला होता, पण आमच्या कोपऱ्यातल्या शाळेवर यायला कुणी तयार झालं नाही. गावातल्याच डी.एड. झालेल्या मुलीला वर्गणीतून पाच हजार देऊन उभं केलं. समितीच्या कागदावर ती "स्वयंसेवक". पात्रता असलेल्या पोरीला पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंच्या अडीच हजारांच्या जेमतेम दुप्पट पैसे देताना मला लाज वाटायची.

पट राखायचा तर आधारचंही बघावं लागतं. आमच्या २८ मध्ये आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची चार मुलं. मराठी आमच्या पोरांपेक्षा शुद्ध बोलतात, पण आधार नाही, आणि संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, आधार जुळलेलीच मुलं आधी धरतात. केंद्रप्रमुखांना शाळेत बोलावलं, मुलं समोर उभी केली, हजेरी दाखवली, तसा अहवाल त्यांनी पाठवला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा भरतीतून नवीन शिक्षक आले, मराठवाड्यातले. पोरगा गुणी आहे. पहिल्याच आठवड्यात त्याने आंतरजिल्हा बदलीला किती वर्षं लागतात ते विचारून घेतलं.

समितीची मुदत दोन वर्षांची, माझी २०२५ च्या जुलैत संपली. दुसऱ्या वर्गाचं अंदाजपत्रक अजून यादीतच आहे. नव्या अध्यक्षांना फाइल दिली, पोचेच्या झेरॉक्ससकट, आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला कुठल्या पानावरचा ठराव न्यायचा ते दाखवून ठेवलं.