खाडीतून बार्जने माल नेताना पुलाच्या एका पत्राने खाल्लेले सात आठवडे

वसई खाडीतून भिवंडीच्या बाजूला एक मोठी टाकी न्यायची होती, रस्त्याने तिची रुंदीच बसत नव्हती म्हणून बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू बोट, ठरवली. बार्ज, विमा, क्रेन सगळं पंधरा दिवसांत जमलं. अडकलो ते एका जुन्या पुलाच्या पत्रावर, आणि तिथेच सात आठवडे गेले.

त्या पट्ट्यात दोन अडचणी एकमेकींच्या उलट आहेत. ओहोटीला पुलाखाली उंची भरपूर, पण अलीकडच्या वाळूवर बार्ज टेकते. भरतीला पाणी मिळतं तर माल गर्डरला, म्हणजे पुलाच्या आडव्या तुळईला, लागतो. म्हणून ठरलेल्या भरतीला पुलाखाली नेमकी किती जागा राहते ते लेखी हवं होतं. पुलाच्या ऑफिसात म्हणाले पाण्याचं आम्हाला विचारू नका, पाण्याच्या ऑफिसात म्हणाले पूल आमचा नाही. 2016 च्या कायद्याने देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग झाले, त्यात ही खाडी आणि उल्हास नदी 53 नंबरला आहे, पण पूल एकाकडे आणि पाणी दुसऱ्याकडे, त्यामुळे मधल्या मोकळ्या जागेचा आकडा द्यायला कोणीच तयार नाही. चार आठवडे नुसत्या चकरा.

शेवटी पत्र आलं: 3.4 मीटर भरतीला पुलाखाली 2 मीटर जागा, वाहतूक शक्य नाही. आमचा माल पाण्यापासून 4 मीटर वर होता. मी रडकुंडीला आलो होतो खरंच. आमचा सारंग, म्हणजे बार्ज चालवणारा, म्हणाला, "साहेब, मी किती वर्षं तिथून जातोय, हे बरोबर नाय, टेप सोडून बघूया." तेवढ्याच भरतीला पुलावरून टेप सोडली तर साडेचार मीटर!

मग घोळ कळला. ड्रॉइंगमधली गर्डरची 5.4 मीटर ही उंची सरासरी समुद्रपातळीपासून असते आणि भरतीच्या तक्त्यातला आकडा चार्ट डेटमपासून, म्हणजे जवळपास सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून. मुंबईजवळ या दोन शून्यांत साधारण अडीच मीटरचा फरक आहे आणि त्यांनी सरळ 5.4 मधून 3.4 वजा केले होते. तो अडीच मीटर मिळवला की टेपचे साडेचारच येतात. हे पटवायला अजून तीन आठवडे लागले.

तेव्हा अर्जातच लिहा की उंची कुठल्या पातळीपासून धरायची, आणि टेपचं माप, तारीख, वेळ, फोटो जोडा. खाडीत आत गेलं की भरतीची वेळ आणि उंची दोन्ही बदलतात, तक्त्यावर विसंबू नका. दिवस भांगाचे, म्हणजे कमी भरतीचे घ्या, अष्टमीच्या आसपासचे. उधाणाला आमचा माल त्या पुलाखालून गेलाच नसता.

अर्ध्या मीटरच्या फरकाने टाकी पलीकडे गेली तेव्हा मी सारंगाचे दोन्ही हात धरले.

आणि हो, परतीचं माप वेगळं घ्या. रिकामी बार्ज पाण्यातून वर उचलली जाते, आम्हाला येताना डोलकाठी खाली घ्यावी लागली.