कर्द्याच्या किनाऱ्यावर चार मुक्काम

माझ्या आईने वयाच्या बहात्तराव्या वर्षापर्यंत समुद्र दोनदाच पाहिला होता. दोन्ही वेळा मुंबईत, दोन्ही वेळा संध्याकाळच्या गर्दीत, आणि दोन्ही वेळा कोणाच्या तरी लग्नाहून परत येताना. नाशिकच्या माणसाला समुद्र तसा दूर नाही. ब्रह्मगिरीवर जिथे गोदावरी उगम पावते तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ८० किलोमीटरवर आहे, पण आमची नदी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालून थेट बंगालच्या उपसागराला मिळते. आईचेही आयुष्य तसेच पंचवटी, त्र्यंबक, आळंदी, पंढरपूर असे कायम समुद्राकडे पाठ करूनच गेले. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने "आजी, तू डॉल्फिन कधीच पाहिला नाहीस?" असे विचारले, तेव्हा आईपेक्षा मलाच अधिक वाईट वाटले.

अडचण आईच्या गुडघ्यांची होती. दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर ती सपाट जमिनीवर व्यवस्थित चालते, पण जिना चढणे आणि प्रवासात वाटेवरची स्वच्छतागृहे वापरणे या दोन गोष्टींची तिला धास्ती बसलेली आहे, आणि त्या धास्तीपायी ती प्रवासात पाणीच पीत नाही. माझ्या पतींनी कॅरॅव्हॅनची कल्पना मांडली ती या कारणाने, हौस म्हणून नव्हे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून अशा गाड्या भाड्याने मिळतात हे ऐकून माहीत होते. आम्हाला मिळालेली गाडी चालकासह होती. पाच जणांच्या झोपण्याची सोय, एका शेगडीचा ओटा, छोटा फ्रिज, आणि मागच्या बाजूला कमोड असलेले शौचालय. आईने आत शिरल्यावर सर्वप्रथम त्या शौचालयाचे दार उघडून पाहिले, भिंतीला धरायला दांडी आहे ना याची खात्री केली, आणि मगच "चला, येते मी" म्हणाली.

जानेवारीच्या अखेरीस आम्ही दापोलीजवळच्या कर्दे गावी जायला पहाटे चारला निघालो. नाशिकला त्या दिवशी कडाक्याची थंडी होती. कसारा घाट, भिवंडी, पनवेल, मग मुंबई-गोवा महामार्गाने महाड, पोलादपूर, आणि कशेडीच्या बोगद्यातून खेड असा चारशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास आम्ही अतिशय संथपणे केला. अशा गाडीत घरच चालत असते आणि घरातली प्रत्येक वस्तू आपली जागा सोडायला टपलेली असते, हे कसारा घाटाच्या पहिल्याच वळणावर कळले. ओट्याखालच्या खणाची कडी नीट बसली नव्हती, त्यामुळे लिंबाच्या लोणच्याची बरणी घरंगळत येऊन फुटली आणि पुढचे तीन दिवस गाडीला मोहरीचा आणि हिंगाचा वास येत राहिला. तेव्हापासून निघण्यापूर्वी सगळ्या कड्या हाताने ओढून पाहण्याचे काम माझ्या सात वर्षांच्या मुलाकडे आले, आणि त्याने ते एकदाही चुकवले नाही. आईने मात्र वाटेत दर तासाला पाणी प्यायले. मला त्या सहलीतली ही पहिली मोठी मिळकत वाटते.

दापोलीहून कर्द्याकडे उतरणारा रस्ता अरुंद आहे. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, वर आंब्या-फणसाच्या फांद्या, आणि आमची गाडी साधारण नऊ फूट उंच. शेवटचे एक वळण पार करताना माझे पती खाली उतरून पुढे चालत होते आणि चालकदादा त्यांच्या हाताच्या खुणेवर इंचाइंचाने गाडी पुढे आणत होते. कॅरॅव्हॅनने कोकणात जाणाऱ्यांनी ही गोष्ट आधीच विचारून घ्यावी: मुक्कामाच्या जागेपर्यंत एखादा छोटा ट्रक येतो का? ट्रक येत असेल तर आपणही पोहोचतो.

आम्ही ज्या काकूंच्या वाडीत उतरलो, त्यांच्या नारळी-पोफळीच्या पलीकडे सुरूच्या झाडांची एक रांग आहे आणि त्या रांगेनंतर लगेच वाळू. गाडी सुरूच्या अलीकडे, कठीण जमिनीवर उभी केली. वाळूवर गाडी उतरवायची नाही, हे काकूंनी आम्ही विचारण्याआधीच सांगितले. या पट्ट्यातल्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला वर येतात, आणि चाकांखाली वाळू दाबली गेली तर आतले घरटे वरून कोणालाही दिसत नाही. उत्तरेला वेळासमध्ये सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून या कासवांसाठी जे काम उभे केले, त्यामुळे आता किनाऱ्यावरची शाळकरी मुलेसुद्धा ही गोष्ट जाणतात. पाण्याचाही हिशेब तिथेच शिकलो. पाच माणसांनी घरच्या सवयीने भांडी घासली की टाकी दीड दिवसात संपते, आणि वापरलेले साबणाचे पाणी कुठे सोडायचे हा प्रश्न टाकी भरण्याहून मोठा असतो. ते पाणी आम्ही काकूंच्या शोषखड्ड्यात आणि शौचालयाची टाकी त्यांच्या सेप्टिक टँकमध्ये रिकामी करत होतो. ही सोय मिळत नसेल तिथे समुद्राकाठी मुक्काम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्ही पोहोचलो तो दिवस सप्तमीचा होता. अष्टमीला सकाळी आम्ही डॉल्फिन पाहायला होडीने गेलो आणि त्या फेरीबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे.

किनाऱ्यावरून एकाच वेळी सहा होड्या सुटल्या. पंधरा-वीस मिनिटांत कोणाला तरी पाण्यात पाठ दिसली, त्याने हात केला आणि सहाही होड्या पूर्ण वेगाने तिकडे वळल्या. डॉल्फिन बुडाले. ते पुन्हा जिथे वर आले तिथे होड्या पुन्हा धावल्या. लोक शिट्ट्या मारत होते, मोबाइल उंचावत होते, आणि आमचा नावाडी दुसऱ्या होडीच्या पुढे जाण्यासाठी इंजिन आणखी ताणत होता, कारण जवळून दाखवले तरच गिऱ्हाईक खूश होते. एकदा अगदी जवळ एक मोठी करडी पाठ वर आली आणि तिला चिकटून एक लहान, फिक्या रंगाची पाठ. दोन होड्या त्यांच्या दोन बाजूंनी घुसल्या. माझ्या मुलीने माझा हात घट्ट धरून विचारले, "आई, ते खेळतायत का पळतायत?" मला उत्तर देता आले नाही, आणि उत्तर ठाऊक असून देता आले नाही याची मला लाज वाटली. मी नावाड्याला परत फिरायला सांगितले. तो पैसे कमी करणार नाही म्हणाला. मी हो म्हटले.

त्या संध्याकाळी काकूंचे दीर वाडीत आले. त्यांचे सगळे आयुष्य मासेमारीत गेले आहे आणि आता ते फक्त किनाऱ्यावर उभे राहून पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, टाकतात. सकाळचा प्रकार ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग आईकडे वळून म्हणाले, "आजी, त्याच्या मागे नाय जायचा. तो येतो त्या वाटेवर बसायचा."

आपल्या किनाऱ्यालगत जो डॉल्फिन नेहमी दिसतो तो हम्पबॅक डॉल्फिन. शास्त्रीय नाव सुसा प्लंबिया, म्हणजे शिशाच्या रंगाचा. पाठीवर एक लांबट उंचवटा आणि त्या उंचवट्यावर छोटासा त्रिकोणी पर, ही त्याची ओळख. तो खोल समुद्रातला प्राणी नव्हे. उथळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी, किनाऱ्याला धरून तो राहतो आणि म्हणूनच माणसाच्या जाळ्यांच्या आणि होड्यांच्या वाटेत येतो. तो उड्या मारून करमणूक करणाऱ्यांपैकी नाही, होड्यांच्या पुढे पोहत जाण्याचीही त्याला फारशी आवड नाही. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते आणि ते काही वर्षे आईबरोबर असते. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या लाल यादीत ही जात संकटग्रस्त म्हणून नोंदली आहे, आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिला वाघाच्या बरोबरीने संरक्षण आहे. वाघाला सहा गाड्यांनी असे घेरले तर आपण सगळे तक्रार करू. शिवाय डॉल्फिन पाण्यात डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक पाहतो. तो टिकटिक आवाज सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य आणि वाट ओळखतो. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने पसरतो, तेव्हा सहा इंजिने एकदम गरजली की त्या पिल्लाभोवती काय उरत असेल, याचा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

पण काकूंच्या त्या दिरांनी, म्हणजे काकांनी, आईला आणखी एक गोष्ट दिली. ते म्हणाले की बोय मासे भरतीबरोबर आत येतात, त्यांच्या मागे डॉल्फिन येतात, तेव्हा भरतीची वेळ काढायची आणि तासभर आधीपासून गप्प बसायचे. वेळ कशी काढायची? तिथीला पाऊणने गुणायचे. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता पूर्ण भरती, दिवसा आणि रात्रीही. आई चकित झाली. ती आयुष्यभर तिथीवर चालली आहे, चतुर्थी, एकादशी, प्रदोष सगळे तिला तोंडपाठ आहे, पण त्या तिथी समुद्रालाही लागू असतात हे तिला कोणी कधी सांगितले नव्हते. चंद्राच्या ओढीने पाणी चढते हे तिला माहीत होते. आपल्या हातातले पंचांगच भरतीचे वेळापत्रक आहे, हे नवे होते. रात्री तिने बोटांच्या पेरांवर हिशेब केला: नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात.

नवमीला आम्ही बसलो आणि काहीच दिसले नाही. दुपारी मुले बाबांबरोबर हर्णैला जाऊन मासळीचा लिलाव पाहून आली. आई आणि मी वाडीतच होतो.

दशमीला पहाटे सहाला आई मला न उठवता गाडीतून उतरली होती. मी बाहेर आले तेव्हा ती सुरूखाली घडीच्या खुर्चीवर शाल लपेटून बसलेली होती. मी ओट्यावर आले ठेचून चहा केला. गाडीच्या उघड्या दारातून समुद्र दिसत होता, आणि दूध उतू जाऊ नये म्हणून एक डोळा पातेल्यावर व एक पाण्यावर असे मी उभी होते. हळूहळू उजाडले. वारा पडलेला होता, लाटा अगदी लहान. मुले उठून येऊन वाळूत बसली आणि मला आश्चर्य वाटते की कोणीही बोलत नव्हते.

आईने प्रथम ऐकले. "कोणी तरी उसासा टाकला," ती म्हणाली. मग मलाही ऐकू आले: फूऽस, असा एक छोटा, ओला आवाज, म्हशीने पाण्यातून नाक वर काढून सोडावा तसा. पाहिले तेव्हा तिथे फक्त पाण्यावर एक गुळगुळीत चकती उरली होती. थोड्या वेळाने त्याच्या डाव्या हाताला आधी लांब चोच वर आली, तिरकी, मग कपाळ, मग तो उंचवटा आणि त्यावरचा पर, आणि सगळे शरीर चाक फिरावे तसे पुन्हा आत गेले. लाटा फुटतात त्या रेषेच्या थोडे पलीकडे, आमच्यापासून साठ-सत्तर पावलांवर. मोठे तीन होते आणि एक लहान. ते किनाऱ्याला समांतर, अगदी सावकाश उत्तरेकडे जात होते, मध्येच थांबत होते, आणि एकदा समोरच्या पाण्यात बोयांचा एक थवा चांदीच्या नाण्यांसारखा उडाला तेव्हा तिघेही एकाच वेळी वळले.

आई पुटपुटत होती. मला वाटले नामस्मरण चालू आहे. ती पेरांवर मोजत होती, एका श्वासापासून दुसऱ्या श्वासापर्यंत. मोठे चाळीसपर्यंत, कधी साठपर्यंत खाली राहत, लहानगे मात्र वीस-पंचविसालाच वर येई आणि त्याच्याबरोबर एक मोठे दर वेळी वर येई, जरी त्याला गरज नसली तरी. "ती त्याची आई," आई म्हणाली. "बघ, तिला श्वास पुरतोय, पण ती त्याच्यासाठी वर येतेय."

पंचवीस मिनिटे ते आमच्यासमोर होते. आठच्या सुमाराला दक्षिणेकडून पहिल्या होडीचे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, आणि ती होडी दिसण्याच्या कितीतरी आधी पाणी रिकामे झाले होते.

होड्यांवर कुटुंबे चालतात हे मी विसरलेले नाही, आणि त्या बंद व्हाव्यात असे मी म्हणत नाही. काकांनीच सांगितले की त्यांच्या पुतण्याची होडीसुद्धा पर्यटक नेते, पण तो इंजिन लांबच बंद करतो, होडी वाऱ्यावर सोडतो, वाट अडवत नाही आणि एखादे पिल्लू दिसले की परत फिरतो. त्याला गिऱ्हाईक कमी मिळते. म्हणून जाणाऱ्यांनी होडीत बसण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा, की तुम्ही इंजिन बंद करणार का, आणि उत्तर ऐकून मगच पैसे द्यावेत. हा प्रश्न दिवसाला दहा जणांनी विचारला तर पुतण्याला एकटे वाटणार नाही.

एकादशीला सकाळी निघालो. काकूंना आम्ही नाशिकहून द्राक्षांची एक पेटी नेली होती, परत येताना त्यांनी आमसुले आणि चार नारळ गाडीत ठेवले. उपवास होता म्हणून महाडच्या पुढे गाडी सावलीत थांबवून मी साबुदाण्याची खिचडी केली, आणि मुलाने तत्पूर्वी आणि त्यानंतर सगळ्या कड्या ओढून पाहिल्या. सव्वाआठ वाजता, आम्ही खेडच्या पुढे बोगद्याजवळ होतो तेव्हा, आईने घड्याळाकडे पाहिले होते आणि खिडकीबाहेर डोंगराकडे बघत म्हणाली होती, "आत्ता भरली असेल."