अंगठाछाप

शाळा सुटल्यावर विसरलेली छत्री आणायला परत वर्गात गेलं की वर्ग वेगळाच दिसतो. बाकं तीच, फळा तोच, पण सगळं आपल्याकडेच बघतंय असं वाटतं. परवा पणजीतल्या एका संग्रहालयात तसंच झालं. संध्याकाळी मुख्य दार बंद झालं आणि आम्हा वीसेक जणांना बाजूच्या दारानं आत घेतलं. आधी दालनांतून फेरी, मग छापचित्रकलेवर व्याख्यान. नाव वहिनीनं नोंदवलं होतं. पैसे नाहीत आणि चहा आहे, एवढ्यावर मीही गेले. बाहेर पाऊस कोसळत होता आणि पहारेकरी सगळ्यांच्या छत्र्या एका बादलीत उभ्या करत होता.

छापलेलं चित्र म्हटलं की मला आमचं देवघर आठवतं. तिथे आजोबांच्या वेळची रविवर्मा छापखान्यातली लक्ष्मी होती. कोपऱ्यात ओल येऊन डागाळलेली, तरी रोज हळदकुंकू लावून घेणारी. ही खरी की छापलेली, असा प्रश्न घरात कुणाला पडला नाही. संग्रहालयात मात्र तो मीच विचारला. फेरीवर नेणाऱ्या तरुण चित्रकर्तीला म्हटलं, "बाय, यातलं मूळ चित्र कुठलं?"

"सगळीच मूळ, टीचर," ती म्हणाली. (मी शिक्षिका होते हे गोव्यात लोकांना कसं कळतं, देव जाणे.) तिनं चित्राखालचे पेन्सिलीचे आकडे दाखवले: 7/25. पंचवीस प्रती काढल्या, त्यातली ही सातवी. सातवी म्हणजे सातव्या दर्जाची नव्हे. ठरलेल्या प्रती निघाल्या की ज्या पत्र्यावरून त्या छापल्या त्यावर रेघा ओढून तो पुष्कळदा बादच करतात. म्हणजे ज्यावर हातानं काम केलं तो तांब्याचा पत्रा कुणी भिंतीवर लावत नाही, आणि जे लावतात त्या कागदावर हातानं रेघ ओढलेलीच नसते!

पत्रा कसा करतात तेही तिनं सांगितलं. वर मेणासारखा लेप द्यायचा, सुईनं तो खरवडत चित्र काढायचं आणि पत्रा आम्लात सोडायचा. जिथे लेप गेला तिथेच आम्ल तांबं खातं. मग शाई चोळायची, वरवरची पुसून घ्यायची. खाचांत उरते तेवढीच ओलसर कागदावर उतरते, तीही उलटी. ऐकता ऐकता मला कावी आठवली. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबड्या मातीचा थर ओला असतानाच खरवडतात आणि खालचा पांढरा चुना चित्र होऊन वर येतो. अर्धी कृती तीच. फरक इतकाच की भिंत काही कागदावर दाबता येत नाही.

व्याख्यानात पडद्यावर गेंडा आला. जर्मनीतल्या ड्युरर या चित्रकारानं 1515 साली लाकडी ठशावरून छापलेला. अंगावर चिलखतासारखे पत्रे आणि मानेमागे एक जादा शिंग, जे कुठल्याच गेंड्याला नसतं. ड्युररनं गेंडा पाहिलाच नव्हता. कुणाचं तरी पत्र आणि एक कच्चं रेखाटन एवढ्यावर त्यानं काम भागवलं. पण तो गेंडा निघाला होता आमच्या गोव्यातून! गुजरातच्या सुलतानानं तो पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कला दिला, त्यानं जहाजावर चढवून लिस्बनला धाडला. पुढे पोपला भेट म्हणून नेताना जहाज बुडालं आणि साखळ्यांनी बांधलेलं ते जनावर समुद्रात गेलं. जादा शिंगाचा मात्र पिढ्यान्‌पिढ्या छापला गेला, इतका की लाकडाला चीर पडली आणि ती चीरही गेंड्याच्या पायांवर छापली जाऊ लागली. पुढे चाळीसेक वर्षांनी, 1556 साली, अबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, निघालेला एक छापखाना गोव्यात उतरला आणि इथेच राहिला, भारतातला पहिला. गेंड्यापेक्षा त्याचं नशीब बरं.

मी आयुष्यभर मुलांना बजावत आले, "नक्कल करू नका." पण मराठीत प्रत म्हणजे नक्कलही आणि दर्जाही, 'उत्तम प्रतीचा तांदूळ' म्हणतो तसा. या शब्दाकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. आई गोकुळाष्टमीला तांदळाच्या पिठात मूठ बुडवून उंबऱ्यापासून पाटापर्यंत बाळकृष्णाची पावलं उठवायची आणि बोटानं पाच टिंबं देऊन बोटं करायची. मूठ एकच, पण पीठ कमी-जास्त झालं की पाऊल कधी गुबगुबीत, कधी वाळकं. त्यातलं मूळ कुठलं, असं विचारलं असतं तर तिनं मला पिठाचा हात लावला असता.

शेवटी हौशी मंडळींना लिनोलियमच्या तुकड्यावरून एकेक चित्र काढू दिलं. माझ्या माशाला शेपटीकडे शाई जास्त झाली. वहिनीचा छान उठला; ती ते दोनदा म्हणाली.

चहाला थांबलो असतो तर फोंड्याची बस चुकली असती, म्हणून पळालो. बसमध्ये कंडक्टरनं तिकीट दिलं, मी हातात धरलं आणि परत बघते तर आकड्यांवर माझ्या अंगठ्याची काळी रांगोळी उमटलेली, सगळ्या वळ्यांसकट. त्यानं वाकून पाहिलं. "टीचर," तो म्हणाला, "सही येत नाही?"